लिंबावरची देवी : फळझाडांचे जंतुरोग आणि त्यांचे निवारण



परवा बाजारात लिंबे घेत असताना शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंनी टोपलीतले एक लिंबू उचलले, ते डोळ्यांजवळ धरून निरखले आणि लिंबेवालीला विचारले, "काय गे बाय, ह्या लिंबाक देवी इली काय?" लिंबेवाली हसली, आम्हीही हसलो. पण ते लिंबू हातात घेतले तेव्हा उपमा किती चपखल होती हे ध्यानात आले. सालीवर मसुराएवढे तपकिरी, खरखरीत व्रण, प्रत्येकाच्या मध्ये खळगा आणि कडा उचललेल्या. देवीचे वण ज्यांनी पाहिले आहेत त्यांना दुसरे काही सुचणारच नाही.

आपल्यापैकी प्रत्येकाने असे लिंबू पाहिलेले आहे. ते कापून सरबतात पिळले तर रसात काही उणे नसते आणि खाणाऱ्याला त्यापासून अपायही नसतो. म्हणून आपण त्याचा विचार करीत नाही. आज मात्र तुमची तासाभराची सोबत घेऊन मी त्या व्रणाचाच विचार करणार आहे. कारण हा व्रण म्हणजे एका फार मोठ्या घराण्याचा आपल्या परसात पडलेला शिक्का आहे. त्याच घराण्याच्या एका शाखेने घाटावरच्या डाळिंबाच्या बागा उजाड केल्या, दुसरी एक शाखा आपल्या आंब्यावर वावरते, आणि त्याच्याशी झुंजताना अमेरिकेसारख्या धनाढ्य राष्ट्रालाही हात टेकावे लागले.

या रोगाला आपल्याकडे 'खैऱ्या' म्हणतात. तो कोठून आला याचाही थोडा शोध लागलेला आहे. लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पति-संग्रहात जगभरातून आणलेली वाळवलेली पाने जपून ठेवलेली आहेत. १९३३ मध्ये फॉसेट आणि जेंकिन्स या दोघा शास्त्रज्ञांनी तेथील जुनी पाने तपासली, तेव्हा हिंदुस्थानात १८२७ ते १८३१ या काळात गोळा केलेल्या महाळुंगाच्या नमुन्यावर त्यांना खैऱ्याचे व्रण सापडले. म्हणजे हा पाहुणा परदेशातून अलीकडे आलेला नाही. दोनशे वर्षे तरी तो आपल्याच घरात नांदत आहे.

झाडांना जंतू होतात काय?

देवीची उपमा थोडी दुरुस्त करून घेतली पाहिजे. देवी हा विषाणूंचा रोग होता. लिंबावरचा खैऱ्या हा जंतूंचा, म्हणजे बॅक्टेरियांचा रोग आहे. बुरशी ही तिसरीच जात. आपल्या सुपारीवर पावसाळ्यात पडणारा कोळेरोग किंवा आंब्याच्या मोहोरावरची भुरी यांचा या जंतूंशी संबंध नाही. हे वर्गीकरण केवळ पुस्तकी नव्हे. शत्रू ओळखण्यात चूक झाली की औषध चुकते, पैसा जातो आणि हंगामही जातो.

माणसांना आणि जनावरांना जंतूंपासून रोग होतात हे गेल्या शतकाच्या मागच्या शतकात सिद्ध झाले. रॉबर्ट कॉख याने गुरांच्या काळपुळी रोगाचा जंतू १८७६ मध्ये दाखवून दिला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, अमेरिकेतील इलिनॉय येथे थॉमस बरिल नावाच्या प्राध्यापकाला नासपतीच्या करपलेल्या फांद्यांतून झिरपणाऱ्या चिकात असंख्य जंतू दिसले. त्या फांद्या जळाल्यासारख्या दिसत म्हणून रोगाचे नावच 'आगीचा करपा' पडले होते. बरिलने तो चीक निरोगी फांदीत टोचून पाहिला, आणि ती फांदीही तशीच करपली. झाडाला जंतुरोग होतो याचा हा पहिला पुरावा.

पण जगाने तो लगेच मान्य केला असे समजू नका. आल्फ्रेड फिशर या नामांकित जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये स्पष्ट लिहिले की, जंतू झाडांना रोग करतात ही कल्पनाच निराधार आहे; ते केवळ मेलेल्या भागावर येतात. अमेरिकेच्या एर्विन स्मिथने त्याला सप्रमाण उत्तर दिले आणि दोघांचा वाद १९०१ पर्यंत चालला. शेवटी स्मिथचे प्रयोग बोलले. तोवर मर्टन वेट या दुसऱ्या संशोधकाने हेही दाखवून दिले होते की, नासपतीचा हा जंतू मधमाश्यांच्या अंगाला लागून फुलाफुलांवर पोहोचतो.

या इतिहासातील एक प्रयोग तुम्ही घरीच करून पाहू शकता. आपल्या कोकणात वांग्याचे रोप हिरवेगार असताना एकाएकी मान टाकते. याला आपण 'मर' म्हणतो. अशा रोपाच्या बुंध्याचा बोटभर तुकडा कापून स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात टांगून धरा. मर जंतूंची असेल तर थोड्याच मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधासारखी पांढुरकी धार पाण्यात उतरू लागेल. ती धार म्हणजे कोट्यवधी जंतूंची मिरवणूक होय. मर बुरशीची असेल तर पाणी नितळच राहील. याच कुळातला जंतू जगात इतरत्र केळीचाही घात करतो.

हजारो दरवाजांचा किल्ला

जंतू किती लहान असतो? एक मिलिमीटर लांबीत पाच-सहाशे जंतू एकापुढे एक सहज उभे राहतील. खैऱ्याच्या घराण्याचे शास्त्रीय नाव झँथोमोनास. झँथोस म्हणजे ग्रीक भाषेत पिवळा. प्रयोगशाळेत वाढवले की या जंतूंचे ठिपके पिवळे दिसतात म्हणून हे नाव. प्रत्येक जंतूला एकच शेपटी असते आणि तिच्या फटकाऱ्याने तो पाण्याच्या पातळ थरात पोहतो. अंगाभोवती तो चिकट बुळबुळीत डिंक तयार करतो. त्याच्या एका भावंडाचा डिंक आज कारखान्यांत काढून आइस्क्रीम आणि सॉस दाट करण्यासाठी वापरतात, हे ऐकून आपणांस मौज वाटेल. आपल्या लिंबावर मात्र तोच डिंक जंतूचे उन्हापासून आणि कोरडेपणापासून रक्षण करतो.

या जंतूला सालीला भोक पाडण्याचे बळ नसते. बुरशी आपली नळी पानात घुसवू शकते; जंतूला उघडा दरवाजा लागतो. समोर समुद्रात आपला सिंधुदुर्ग उभा आहे. त्याचा दरवाजा तटाच्या वळणात असा लपवला आहे की, अगदी जवळ गेल्याशिवाय तो दिसत नाही. झाडाच्या पानाची स्थिती याच्या नेमकी उलट. पानावर श्वसनासाठी सूक्ष्म छिद्रे असतात. त्यात वाऱ्याने फांदी फांदीवर घासते, काटा पानात शिरतो, पाने पोखरणारी अळी नागमोडी बोगदे करते, आपण कोयती चालवतो. प्रत्येक जखम हा एक नवा दरवाजा. त्यावर पाण्याचा थेंब पडला की जंतू आत पोहत जातो.

आत गेल्यावर काय होते त्याचा एक हिशेब मांडू. एका जंतूचे तीन तासांत दोन होतात असे धरले, तर दिवसभरात आठ वेळा दुप्पट होऊन एकाचे २५६ होतात. दुसऱ्या दिवसअखेर ६५,५३६. तिसऱ्या दिवसअखेर एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर. पानावर पहिला पाणीदार ठिपका दिसतो तेव्हा आतली वस्ती कधीच भरलेली असते. पुढच्या पावसाच्या सरीत तो ठिपका जंतू ओकतो आणि वारा ते थेंब शेजारच्या झाडावर नेऊन टाकतो.

आता आपल्या किनाऱ्याचे हवामान आठवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. त्याच्या जोडीला समुद्रावरचा वारा आणि दमट उष्मा. जंतूला यापेक्षा अधिक काय हवे? मग प्रश्न पडतो, असे असूनही आपल्या हापूसच्या बागा उभ्या कशा राहिल्या?

आंब्याचा जंतू आणि कोकणचे पंचांग

आंब्यावर जंतुरोग आहे हे दक्षिण आफ्रिकेत एथेल डॉइज या विदुषीने १९१५ मध्ये नोंदले होते. आपल्याकडे हे काम पुण्यात झाले. एम. के. पटेल, एल. मोनिझ आणि वाय. एस. कुलकर्णी या तिघांनी १९४८ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात आंब्याच्या नव्या जंतुरोगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्या जंतूला नाव दिले. पटेल यांनी पुण्यात या शास्त्राची एक परंपराच उभी केली. गंमत अशी की, हा जंतूही झँथोमोनास घराण्यातलाच ठरला, पण त्याचे ठिपके बहुधा पिवळे नसून पांढरे असतात. नावावरून माणूस ओळखू नये म्हणतात, ते जंतूलाही लागू आहे.

बागायतदार मंडळींनी याची ओळख ठेवावी. पानावर प्रथम बारीक, पाणी मुरल्यासारखे ठिपके येतात. ते शिरांमध्ये कोंडले जातात म्हणून त्यांना कोन असतात. पुढे ते काळे, चकचकीत आणि किंचित उचललेले होतात. भोवती पिवळी कडा दिसते. फळावर हिरवेपणीच काळे डाग पडतात, ते चांदणीसारखे तडकतात आणि त्यांतून चीक ओघळतो. मग त्या ओघळाच्या वाटेवर नव्या डागांची रांग उठते. आपल्या परिचयाचा करपा हा बुरशीचा. त्याचा डाग वेडावाकडा पसरतो, आणि फळ पिकू लागले की तो खाली दबतो. उचललेला आणि तडकलेला डाग जंतूचा. दबलेला आणि पसरणारा डाग बुरशीचा. एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले. शंका राहिलीच तर डाग पडलेली पाने कागदात गुंडाळून जाणकारापर्यंत न्यावीत. वेंगुर्ल्याला १९५७ पासून फळ संशोधन केंद्र आहे, आणि १९७२ मध्ये दापोलीला कृषि विद्यापीठ स्थापन झाले. अशी माणसे आपल्या इतकी जवळ असताना अंदाजाने औषध मारणे शहाणपणाचे नाही.

आता मघाच्या प्रश्नाकडे वळू. हापूसला मोहोर येतो तो थंडीत, फळ पोसते ते कोरड्या दिवसांत, आणि मृगाच्या आधी आंबा पेटीत भरून मुंबईला गेलेला असतो. जंतूचा हंगाम सुरू होतो तेव्हा झाडावर फळ नसते. आपल्या बागा पुष्कळ अंशी औषधाने राखल्या नाहीत. त्या पंचांगाने राखल्या. म्हणूनच पंचांग बिघडते तेव्हा धास्ती वाटते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडावर अजून फळ होते. मोडलेल्या फांद्या आपण मोजल्या. पण वारा आणि पाऊस एकत्र येऊन प्रत्येक झाडाच्या अंगावर जे अगणित बारीक ओरखडे उमटवतात, ते कोण मोजणार? अवकाळी पाऊस केवळ मोहोर झाडून जात नाही, तो दरवाजेही उघडून जातो.

घाटावरचा धडा

पंचांगाचा हाच धडा घाटावरच्या शेतकऱ्याने फार मोठी किंमत देऊन घेतला. डाळिंबाच्या जंतुरोगाला तिकडे 'तेल्या' म्हणतात, कारण पानावर तेलाचा थेंब पडावा तसा डाग दिसतो. फळावर तो काळा होऊन तडकतो आणि सगळे फळ वाया जाते. हा रोग दिल्लीस १९५२ मध्ये प्रथम नोंदला गेला. पुढे कित्येक वर्षे त्याचे नाव अभ्यासकांपुरतेच होते. दरम्यान सोलापूर, सांगोला, नाशिककडच्या कोरडवाहू मुलखात डाळिंबाने घरे उभी केली. ज्या माळावर कुसळे उगवत तेथे बागा झाल्या. मागणी इतकी वाढली की रोपे पुरेनात. मिळेल त्या झाडावर गुटी बांधून कलमे काढली गेली आणि ट्रकांतून गावोगाव गेली. त्या कलमांबरोबर तेल्याही गेला. या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात त्याची साथ भडकली. कर्ज काढून लावलेल्या बागा शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी उपटल्या आणि बांधावर जाळल्या. २००५ मध्ये सोलापूरला डाळिंबासाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले.

त्यातून जो उपाय पुढे आला तो पाहण्यासारखा आहे. डाळिंबाला पाणी तोडून ताण दिला की हवा तो बहार धरता येतो. मृग बहार धरला तर कोवळे फळ भर पावसात सापडते. म्हणून तेल्याच्या मुलखात हस्त बहार धरावा, म्हणजे फळ कोरड्या महिन्यांत पोसेल, असा सल्ला दिला गेला. त्याखेरीज झाडाला पुरती विश्रांती द्यावी, रोगट फांद्या दोन इंच खालून कापाव्यात, पडलेली पाने वेचून जाळावीत, आणि निरोगी मातृवृक्षावरचीच कलमे घ्यावीत. निसर्गाने हापूसला जे फुकट दिले, ते डाळिंबवाल्याला युक्तीने मिळवावे लागले.

माझा स्वतःचा अपराध

दुसऱ्यांच्या चुका सांगणे सोपे असते, म्हणून एक माझी सांगतो. माझ्या परसात आईने लावलेले एक लिंबाचे झाड होते. आळीतल्या अर्ध्या घरांचे लोणचे त्या झाडावर होत असे. एका मृगात रस्त्याकडेच्या गाडीवरून मी आणखी एक लिंबाचे कलम आणले. त्याच्या तीन-चार पानांवर पिवळी कडा असलेले तपकिरी ठिपके होते. मी ते पाहिले, आणि 'पावसाने झाले असेल' असे मनाशी म्हणून कलम मोठ्या झाडापासून दहा हातांवर लावले. पुढल्या वर्षी त्या कलमाच्या वाळक्या काड्या कापल्या आणि तीच कात्री तशीच घेऊन आईच्या झाडाची छाटणी केली. दोन पावसाळ्यांत जुन्या झाडाचे प्रत्येक फळ खरुजले, फांद्या टोकाकडून वाळत आल्या. विकणाऱ्याला मी पुष्कळ दोष दिला. पण ठिपके पाहणारे डोळे माझे होते आणि कात्री माझ्या हातात होती.

हे सांगण्याचे कारण एवढेच की, आपण नगरवासी लोक या विषयात निव्वळ श्रोते नाही. बागायतदार आपल्या बागेला गडगा घालतो. पण त्या गडग्याबाहेरचे परसातले रोगट लिंबू आपले असते. लग्नामुंजीला घाटावर गेलो की पिशवीतून रोप घेऊन येणारे आपणच असतो.

निवारण : करावयाचे ते काय?

आता उपाय. सर्वांत आधी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे : जंतू एकदा झाडाच्या आत शिरला की त्याला तेथून काढणारे औषध नाही. देवीवर लस निघाली आणि १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. कारण माणसाच्या रक्ताला एकदा आलेल्या शत्रूची आठवण राहते. झाडाला प्रतिकारशक्ती असते, पण रक्त नाही आणि तशी लसही नाही. झाडांच्या वैद्यकात म्हणून उपचारापेक्षा पथ्य मोठे.

पहिले पथ्य कलमाचे. रोप घेताना पानाच्या दोन्ही बाजू उजेडाकडे धरून पाहाव्यात. ठिपका दिसला तर ते फुकटही घेऊ नये. कोय कलमासाठी काडी घ्यावयाची ती ज्या झाडावर सलग काही वर्षे डाग दिसलेला नाही त्याचीच. नवे रोप जुन्या झाडांजवळ लावण्यापूर्वी काही आठवडे वेगळे ठेवून पाहावे.

दुसरे पथ्य हत्याराचे. कोयती, कात्री, कलमाचा चाकू एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना स्पिरिटने पुसावा, किंवा घरी फरशीसाठी वापरतात त्या ब्लीचच्या एका भागात नऊ भाग पाणी घालून त्यात बुडवावा. काम संपल्यावर धुऊन तेलाचा हात द्यावा, नाहीतर पाते गंजेल. शस्त्रक्रियेची सुरी न उकळता वापरणाऱ्या डॉक्टरकडे आपण जाणार नाही. मग झाडाने का जावे?

तिसरे पथ्य वेळेचे. छाटणी उन्हाच्या कोरड्या दिवसांत करावी आणि कापलेले सगळे त्याच दिवशी जाळावे. पाने ओली असताना रोगट झाडांतून वावरू नये. आपले कपडे आणि हात जंतूंची पालखी होतात.

चौथे पथ्य वाऱ्याचे. समुद्राकडच्या अंगाला सुरू किंवा दुसऱ्या दाट झाडांची भिंत असली तर वारा मंदावतो, पाने फाटत नाहीत आणि थेंब दूर उडत नाहीत. ज्या जुन्या बागांना अशी आड होती, ती सरपणासाठी तोडताना दहादा विचार करावा.

पाचवा उपाय औषधाचा, आणि तो आपल्या परिचयाचा आहे. फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळ रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना भिववण्यासाठी शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडत. त्याच वेली रोगातून वाचलेल्या मिलार्डे या प्राध्यापकाने पाहिल्या आणि १८८५ मध्ये ते मिश्रण जगापुढे ठेवले. आपला सुपारीवाला ज्या बोर्डोने कोळेरोग रोखतो तेच हे मिश्रण. परसातल्या झाडासाठी १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम ताजा कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात विरघळवावा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची असावीत, लोखंडाची नकोत. चुन्याच्या निवळीत मोरचुदाचे पाणी हळूहळू ओतून ढवळावे. मग स्वच्छ लोखंडी सुरीचे पाते त्यात क्षणभर बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. पावसाच्या आधी एकदा आणि नवी पालवी फुटताना पुन्हा फवारावे. हातमोजे घालावेत, मुलांना दूर ठेवावे, आणि विहिरीत वा मासे असलेल्या पाण्यात एक थेंबही जाऊ देऊ नये. हे तांबे पानाच्या पृष्ठभागावर पहारा देते. आत शिरलेल्या जंतूला ते गाठू शकत नाही. म्हणजे हाही दरवाजावरचा पहारेकरीच आहे, वैद्य नव्हे. आणि वर्षानुवर्षे वाजवीपेक्षा अधिक मारले तर ते जमिनीत साठते.

एक धोक्याची सूचना

येथे एक विषय टाळता येत नाही. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ मध्ये शोधले गेले आणि क्षयाच्या रोग्याला पहिल्यांदा खरी आशा मिळाली. हेच औषध टेट्रासायक्लिनच्या जोडीने पुड्यांतून शेतात पोहोचले आणि लिंबावर, डाळिंबावर मारले जाऊ लागले. आरंभी गुण दिसतो. पण जंतू जसे लवकर वाढतात तसे लवकर शिकतात. कॅलिफोर्नियात नासपतीचा जंतू या औषधाला दाद देईनासा झाल्याचे १९७१ मध्येच आढळले होते. आणि जी विद्या एक जंतू शिकतो ती तो शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. झाडावर मारलेल्या औषधाने उद्या आपल्या घरातल्या आजारी माणसाचे औषध निकामी झाले, तर तो सौदा कोणत्या भावाने पडला? केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये या दोन औषधांचा शेतीतील वापर बंद करण्यासाठी मसुदा-आदेश प्रसिद्ध केला, तो याच विचाराने. आपण आपल्या परसापुरता हा नियम आजच करू शकतो.

एकट्याचे काम नव्हे

शेवटी अमेरिकेची गोष्ट पुरी करतो. फ्लोरिडात संत्री-मोसंबीच्या अफाट बागा आहेत. तेथे खैऱ्या १९१० च्या सुमारास परदेशी रोपांबरोबर शिरला. त्यांनी रोगट झाडे जाळून काढली आणि १९३३ मध्ये रोग संपल्याचे जाहीर केले. तो पुन्हा आला. १९९५ नंतर त्यांनी कठोर नियम केला : एक रोगट झाड सापडले की त्याच्या १,९०० फुटांच्या आतील त्या कुळातले प्रत्येक झाड तोडावयाचे, मग ते निरोगी असो वा कोणाच्या अंगणातले असो. लक्षावधी झाडे पडली. नगरवासी चिडले, न्यायालयांत दावे चालले, काम रेंगाळले. २००४ आणि २००५ मध्ये चक्रीवादळे आली आणि त्यांनी जंतू दूरवर उधळले. जानेवारी २००६ मध्ये सरकारने उच्चाटनाचा नाद सोडला.

पैसा, विज्ञान आणि कायदा तिन्ही असूनही ते हरले. त्यात वादळाचा हात होता हे खरे. पण वादळ येण्याआधीची वर्षे बागवाला आणि नगरवासी एकमेकांशी भांडण्यात गेली, हेही तितकेच खरे. आपल्या गावात गाऱ्हाणे घालताना एका घराचे नव्हे, सबंध गावाचे रक्षण मागतात. झाडांच्या रोगाचेही तसेच आहे. जंतूला गडगा दिसत नाही, सातबाराही वाचता येत नाही.

माझ्या आईचे झाड मी गेल्या उन्हाळ्यात तोडले आणि जाळले. दुसरा मार्ग उरला नव्हता. शेजारी विचारू लागले तेव्हा कारण सांगितले. त्यातल्या दोघांनी आपापली झाडे तपासली आणि एकाने स्वतःचे रोगट कलम त्याच आगीत आणून टाकले. माझ्या मते आळीतल्या लिंबांसाठी त्या दिवशी जे झाले ते कोणत्याही फवाऱ्याने झाले नसते.

तेव्हा घरी गेल्यावर एक करा. पावसाला अजून अवकाश आहे. परसात लिंबू असेल तर उद्या सकाळी उजेडात त्याची पाने उलटून पाहा, आणि 'देवी' दिसली तर शेजाऱ्याला हाक मारून तीही दाखवा.